एवढासा गुटका, एवढा मोठा उतार

या पानावर आपण नेहमी बी-बियाणे, खते, पाणी, दूध आणि बाजारभाव यांविषयी बोलतो. आजचा विषय सायकलचा आहे. त्यातही सायकलला लागणाऱ्या अंगठ्याएवढ्या रबराच्या तुकड्याचा. आणि गाव कोणते म्हणाल, तर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर! वाचकहो, हसू नका. ग्रामीण पानावर मुंबईचे काय काम, असे कुणी विचारील. त्याला उत्तर आहे.

१ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचे दोन जिल्हे झाले आणि मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात. इमारतींच्या या गर्दीत वारली पाडे आहेत, म्हशींचे तबेले आहेत, गवताचे पट्टे आहेत आणि मधोमध शंभर चौरस किलोमीटरहून मोठे जंगल आहे. तेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. बोरिवलीच्या फाटकातून आत गेले की कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे. जाताना चढ, येताना उतार. दक्षिणेला आरे कॉलनी. तिथलेही रस्ते सरळ म्हणून नाहीत. एक टेकाड संपले की दुसरे सुरू.

या चढ-उतारांवर आज दोन तऱ्हेच्या सायकली दिसतात. एक जुनी, काळी, दांडीच्या ब्रेकची, कॅरिअरला दुधाचे कॅन किंवा गवताचा भारा बांधलेली. दुसरी जाड टायरची, बारा-पंधरा-एकवीस गिअरची, डोंगरी बनावटीची. आपल्याकडे तिला सरसकट ‘रेंजर’ म्हणतात. नव्वदच्या दशकात हिरो कंपनीची ‘रेंजर’ गावोगाव गेली आणि मग कुठल्याही कंपनीची जाड टायरची सायकल रेंजरच झाली, जसे कुठलेही वनस्पती तूप डालडा झाले. दोन्ही सायकली एकाच उताराला लागतात आणि दोन्हींचा जीव एकाच गोष्टीवर टांगलेला असतो. ती गोष्ट म्हणजे ब्रेकचा गुटका.

आता आमचीच फजिती सांगतो. आरेतल्या एका उतारावरून जुलै महिन्यात आम्ही सायकलने खाली येत होतो. पाऊस नुकताच थांबलेला. पुढच्या चाकाचा ब्रेक कुईऽऽ करून ओरडत होता म्हणून आम्हीच त्याची वायर आठवडाभर आधी सोडून ठेवली होती. म्हटले, मागचा आहे की! मागची मूठ दाबली, ती थेट हँडलला जाऊन टेकली आणि सायकल आपली जातेच आहे. चप्पल घासली, तीही ओल्या डांबरावर सरकली. शेवटी रस्त्याच्या कडेला रचलेल्या गवताच्या भाऱ्यांत आम्ही सायकलसह शिरलो म्हणून हे लिहायला बसलो आहोत. गवतवाल्याने चार शब्द सुनावले ते वेगळे. नंतर चाक खोलून पाहिले तर मागच्या गुटक्यांवर रबर म्हणून नखाएवढे उरले होते, आणि त्यात खड्याचे कण असे रुतलेले की जणू कुणी हाताने बसवले आहेत. दोष सायकलचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. चार महिन्यांत आम्ही एकदाही खाली वाकून बघितले नव्हते.

खडक मऊ नाही

गुटका इतक्या लवकर का संपला? डांबरी रस्त्यावर, कोरड्या हवेत हाच गुटका हजारो किलोमीटर चालतो. मग डोंगरातल्या एका पावसाळ्यात त्याचा चुरा का होतो?

उत्तर पायाखाली आहे. हा सगळा पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेल्या लाव्हाचा तो थर. अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, सरळ उभ्या खांबांची, साठेक मीटर उंच. ती याच काळातली. हा खडक झिजून त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि ती माती पावसात सायकलच्या चाकावर उडते. दिसायला चिखल मऊ. बोटांत धरून चोळून बघा, कचकच लागते की नाही? ती कचकच म्हणजे खडकातल्या खनिजांचे कण.

कुठला दगड कुठल्या दगडाला ओरखडा काढतो, यावरून कठीणपणा मोजायची एक पट्टी आहे. मोस या जर्मन शास्त्रज्ञाने ती १८१२ मध्ये तयार केली. एक ते दहा आकडे. शंखजिरे एकवर, हिरा दहावर. आपल्या काळ्या पाषाणातले फेल्डस्पार सहाच्या आसपास येते. त्याच खडकाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी सातवर. आणि सायकलची रिंग? साधे लोखंड चारच्या आसपास, ॲल्युमिनियम तर तीनच्याही खाली. म्हणजे चिखलातला एकेक कण तुमच्या रिंगेपेक्षा कठीण आहे. तो रबरात रुतून बसतो, कारण रबर मऊ. मग ब्रेक दाबला की रबर रिंगेला घासत नाही, रुतलेला खडा घासतो. गुटक्याची सहाण होते आणि रिंगेचे चंदन.

पावसातून आल्यावर रिंगेवरून बोट फिरवा. ॲल्युमिनियमची रिंग असेल तर बोटाला काळे-करडे रबडे लागेल. लोक म्हणतात, गुटक्याचे रबर विरघळले. अर्धेच खरे आहे. त्या रबड्यात रबर आहे, खडकाची पूड आहे आणि तुमच्या रिंगेचे ॲल्युमिनियमही आहे. गुटका स्वस्तात बदलता येतो. रिंग बदलायची म्हणजे चाक पुन्हा विणायचे, आरे ओढायचे, आउट काढायचा. तो खर्च आणि तो दिवस, दोन्ही अंगावर येतात.

त्यातला खरा धोका पैशाचा नाही. रिंगेची भिंत आतून ट्यूबची हवा बाहेर ढकलत असते. घासून घासून भिंत पातळ झाली की एक दिवस ती हवेला आवरू शकत नाही. फाटते. तेही बहुधा ब्रेक दाबलेला असताना, म्हणजे उतारावर. चाक तिथल्या तिथे जाम. म्हणून रिंगेच्या बाजूला एक सपाट पट्टी आडवी धरून बघत जा. मधे खोलगट दिसले, पट्टीखालून उजेड दिसला, तर ती रिंग म्हातारी झाली असे समजा. चांगल्या रिंगांवर कारखान्यातूनच एक बारीक चर किंवा टिकला कोरलेला असतो. तो दिसेनासा झाला की रिंग संपली.

पाव लिटर पाण्याचा हिशेब

खडा हे एक कारण. दुसरे उष्णता.

हिशेब सोपा आहे, शाळेतल्या मुलालाही करता येईल. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. शंभर मीटर उंचीवरून खाली यायचे आहे. वाटेत वेग वाढू द्यायचा नाही. तर ८० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे सुमारे ७८ हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. थोडी वारा खातो, थोडी टायर खातात, पण हळू उतरताना बहुतेक सगळी ब्रेकच्या वाट्याला येते. एवढ्या ऊर्जेत पाव लिटर पाणी उकळते. दीड-दोन कप चहाचे आधण तुमच्या गुटक्यांवर चढले, असे म्हणा ना!

दुसऱ्या बाजूने बघा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी हीच सायकल एकदा थांबवायला २,८०० ज्यूलही लागत नाहीत. म्हणजे शंभर मीटर उंचीचा उतार ब्रेक धरून उतरणे हे सपाट रस्त्यावर अठ्ठावीस वेळा करकचून थांबण्यासारखे आहे. आणि आता कॅरिअरला वीस-वीस लिटरचे दोन कॅन लावा. चाळीस किलोहून जास्त वजन वाढले. हिशेब दीडपटीच्या वर गेला. गुटके मात्र तेच चार.

याच उष्णतेची एक गोष्ट साता समुद्रापलीकडची आहे, ती इथे सांगितलीच पाहिजे. डोंगरी सायकलचा जन्मच मुळी जळक्या ब्रेकमधून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा उतार आहे. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे चारशे मीटर खाली. सत्तरच्या दशकात तिथली काही पोरे १९३०-४० सालच्या जुन्या, जाड टायरच्या भंगार सायकली घेऊन त्यावरून सुसाट उतरायची. त्या सायकलींना मागच्या हबमध्ये बसवलेला ब्रेक असे. पायडल उलटे मारले की लागणारा. एका उतरणीत तो हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा. खाली पोचल्यावर हब खोलायचा, नवे ग्रीस भरायचे आणि मगच पुन्हा वर जायचे. या ‘पुन्हा भरण्या’वरून त्या उताराचेच नाव ‘रिपॅक’ पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची ही त्या मंडळींची नावे. पुढे त्यांनीच डोंगरासाठी वेगळ्या सायकली बांधायला घेतल्या आणि त्यांना भक्कम ब्रेक लावले. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या सायकलींची शर्यत आली. त्याच साली जपानच्या शिमानो कंपनीने लांब बाह्यांचा ‘व्ही’ ब्रेक बाजारात आणला. आज आपल्याकडच्या साध्या रेंजर सायकलला जो ब्रेक दिसतो, तो त्याचाच वंशज.

सांगायचा मुद्दा असा की भंगार सायकल आणि लांब उतार एकत्र आले की ब्रेकचा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. कॅलिफोर्नियात राहिला, आरेतही राहतो.

दांडी, वायर आणि डिस्क

जुन्या काळ्या सायकलला दांडीचा ब्रेक. मूठ दाबली की दांड्या ओढल्या जातात आणि घोड्याच्या नालासारखा पत्रा गुटके घेऊन रिंगेच्या आतल्या अंगाला, खालून वर येऊन टेकतो. बांधा अगदी दणकट. वायर तुटायची भीती नाही, पाना-पकडीवर सगळे काम होते. म्हणून तर डबेवाल्यांनी ही सायकल सोडली नाही. मावळ, मुळशी, जुन्नर, खेड या आपल्या डोंगराळ भागांतून आलेली ही माणसे, तीस-तीस चाळीस-चाळीस डबे लादून अंधेरीच्या गर्दीत हीच सायकल चालवतात. पण या ब्रेकची एक खोड आहे. त्याची रिंग मुलामा दिलेल्या लोखंडाची. कोरड्यात ठीक, ओल्यात रबर त्या गुळगुळीत मुलाम्यावर पाण्याच्या पापुद्र्यावरून नुसते सरकते. मूठ दाबा नाहीतर नामस्मरण करा, सारखेच. ॲल्युमिनियमची रिंग ओल्यात बरीच बरी, पण ती झिजते लवकर. एक हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले.

ओल्या रिंगेची युक्ती जुने दूधवाले न शिकता करतात. उतार लागायच्या आधीच ते गुटके हलके टेकवून ठेवतात. चाकाचे चार-दोन फेरे होईतो पाणी आणि चिखल पुसला जातो, मग ब्रेक धरतो. तुम्हीही तेच करा. वळण आल्यावर मूठ दाबाल तर वळण निघून जाईल.

वायरवाल्या ‘व्ही’ ब्रेकचे गुटके लांब असतात आणि त्यांना आडव्या खाचा असतात. त्या खाचा शोभेच्या नव्हेत. त्यांतून पाणी आणि चिखल बाहेर पडतो, आणि खाचा दिसेनाशा झाल्या की गुटका बदलायची वेळ झाली असा तो इशारा असतो. रबर पुरते संपले की आतला लोखंडी पाया रिंगेला लागतो. तेव्हा जो खर्रर्र आवाज येतो तो एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. तो आवाज आला म्हणजे रिंग कापली जात आहे. घरी पोचून बघू, असे म्हणू नका. उतरा आणि सायकल हातात धरून चाला.

शनिवार-रविवारी सकाळी आरेत किंवा कान्हेरीच्या रस्त्याला ज्या महागड्या सायकली येतात, त्यांना आता बहुधा डिस्क ब्रेक असतो. चाकाच्या मध्यभागी पोलादाची पातळ चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारी दोन पॅड. मोटरसायकलला असतो तसाच, फक्त लहान. याचा मोठा गुण म्हणजे चकती चिखलापासून उंच राहते आणि रिंग घासायचा प्रश्नच मिटतो. चाक थोडे आउट झाले तरी ब्रेक लागतो.

म्हणून डिस्क म्हणजे अमरपट्टा, असा एक गैरसमज पसरला आहे. तसे नाही. नव्या पॅडवरचा घासायचा थर असतो तो जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास. अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचा. खडीमिश्रित चिखलात दिवसभर सायकल हाणली तर मऊ जातीचे पॅड एका दिवसात संपल्याची उदाहरणे जगभरचे डोंगरी सायकलवाले सांगतात. सकाळी नवे लावून निघाले आणि दुपारी लोखंडावर लोखंड! रबरी गुटका निदान दिसतो तरी. पॅड कॅलिपरच्या फटीत लपलेले. वरून बॅटरी मारून बघावे लागते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्कमध्ये आणखी गंमत अशी की पॅड जसे झिजते तसा आतला दट्ट्या आपोआप पुढे सरकतो, त्यामुळे मुठीला काहीच कळत नाही. वायरच्या ब्रेकची मूठ सैल होऊन सांगते तरी, ‘बाबा, मी संपत आलो’. हा शेवटपर्यंत गप्प.

पॅडच्या दोन जाती लक्षात ठेवा. एक राळेत भिजवलेल्या तंतूंची. ती मऊ असते, आवाज करत नाही, थंडीतही पहिल्या दाबाला धरते. पण चिखलात भराभर झिजते आणि फार तापली की पकड सोडते. दुसरी धातूची भुकटी दाबून, भाजून केलेली. ती चिखलात आणि लांब उतारावर पुष्कळ जास्त टिकते. पण ओरडते, आणि उष्णता आत तेलापर्यंत पोचवते. जून ते सप्टेंबर ज्याला कच्च्या रस्त्याने जायचे आहे त्याने दुसरी घ्यावी, असे आमचे मत. मात्र काही चकत्यांवर ‘फक्त राळेचे पॅड’ अशा अर्थाची सूचना कोरलेली असते. ती आधी वाचा. तशा चकतीला धातूचे पॅड लावले तर चकतीच खाल्ली जाते. चकतीचीही जाडी मोजायची असते. शिमानोच्या नव्या चकत्या साधारण १.८ मिलिमीटर जाड असतात आणि १.५ वर आल्या की बदलायच्या. हा आकडा चकतीवरच कोरलेला असतो, चष्मा लावून बघा.

नवे पॅड लावून थेट डोंगर गाठू नये. आधी सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा आणि हळूहळू दाबत जवळजवळ थांबायचे, असे वीसेक वेळा करायचे. पॅडचा बारीक थर चकतीवर सारखा बसतो आणि मगच ब्रेक पुरा लागतो. नवी बैलजोडी पहिल्याच दिवशी घाटात कुणी घालतो का?

आणि तेल. तेलाने जितके ब्रेक बिघडतात तितके चिखलानेही बिघडत नसतील. ब्रेक ओरडतो म्हणून रिंगेला किंवा चकतीला तेलाचे बोट लावणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ओरडणे थांबते, हे खरे. थांबणेही थांबते! रबरी गुटक्याला तेल लागले तर साबणाच्या पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने वरचा थर काढून तो वाचवता येतो. डिस्कच्या पॅडने तेल प्यायले की ते टाकून द्यावे. चेनला तेल सोडताना चकतीवर फडके टाकावे, एवढी साधी गोष्ट आहे. तेलाच्या ब्रेकमध्ये भरायचे तेलही दोन प्रकारचे असते. काहींना खनिज तेल लागते, काहींना मोटरसायकलचे डॉट जातीचे. एकाच्या जागी दुसरे घातले की आतली रबरे फुगून निकामी होतात. मूठ उघडण्याआधी कंपनीने काय लिहिले आहे ते बघा.

पुढचा ब्रेक सोडू नका

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

डोंगरी सायकल ही आता हौशी लोकांचीच राहिलेली नाही. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. चांगली योजना आहे, त्याविषयी दुमत नाही. पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी तालुक्यांतले रस्ते डोळ्यांसमोर आणा. मुरमाचा उतार, मधे ओढा, पलीकडे पुन्हा चढ. आरेतल्या पाड्यांतल्या पोरांना लागतो तोच काळा पाषाण, तोच पाऊस. नवी सायकल जूनमध्ये मिळाली तर दिवाळीपर्यंत गुटके संपायला हरकत नाही. सायकल मिळाली तेव्हा फोटो निघाला. गुटका बदलायला कोण शिकवणार?

मग काय होते ते आपण गावोगाव बघतो. पुढचा ब्रेक ओरडायला लागतो, वायर सोडून दिली जाते. त्यामागे एक समजूतही असते, की पुढचा ब्रेक दाबला तर माणूस डोक्यावरून पुढे पडतो. बाप मुलीला बजावतो, पुढचा ब्रेक लावायचा नाही हं! त्याची काळजी खरी आहे, उपाय चुकीचा आहे. थांबताना वजन पुढे सरकते. मागचे चाक हलके होते आणि थोडा जास्त ब्रेक लागला की घसरते. थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते. मागच्या एकट्या ब्रेकवर उतरणारी सायकल थांबायला दुप्पट किंवा त्याहून जास्त अंतर घेते, वर मागचे गुटके आणि टायरही दुप्पट खाते. पडण्याची भीती आहे ती एकदम कचकन दाबण्याची. बूड थोडे मागे सरकवून, दोन्ही मुठी बेताने दाबल्या तर तोल जात नाही. हे शाळेच्या मैदानावर अर्ध्या तासात शिकवता येते. आधी मात्र कोणती मूठ कुठल्या चाकाची ते तपासा, सगळ्या सायकलींची जोडणी सारखी नसते.

लांब उतारावर मूठ सतत धरून ठेवू नये. दाबा, वेग पाडा, सोडा. सोडल्यावर रिंगेला वारा लागतो, ती थंड होते. सतत धरलेला गुटका तापून वरून काचेसारखा चकचकीत होतो आणि मग धरतच नाही. असा चकचकीत गुटका दिसला तर टाकू नका. पॉलिश पेपर किंवा कानसीने वरचा थर खरवडा, आत चांगले रबर असते.

रविवारी सकाळी दहा मिनिटे काढा. बादलीभर पाणी आणि फडके. रिंग धुऊन पुसा. गुटक्यात खडे रुतलेले दिसतील, ते दाभणाने उकरून काढा. पावसाळ्यात हे काम दर आठवड्याला, उन्हाळ्यात महिन्याने केले तरी चालेल. गुटका तिरका झिजला असेल तर तो तिरका बसवला आहे असे समजा. वर चढला तर टायर कापतो, खाली उतरला तर आऱ्यांत जातो. नट ढिला करून तो रिंगेच्या मधोमध आणा. ओरडत असेल तर गुटक्याच्या मागच्या टोकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून नट आवळा, मग पुठ्ठा काढून घ्या. पुढचे टोक आधी टेकेल आणि ओरडणे बहुधा थांबेल. शेवटी दोन्ही मुठी दाबून बघा. मूठ आणि हँडल यांच्यात दोन बोटे जायला पाहिजेत. गेली नाहीत तर वायर आवळा, आवळूनही जमले नाही तर गुटके बदला. डाव्या-उजव्या गुटक्यांवर बाणाची खूण असते. बाण चाक फिरते त्या दिशेला. आणि जोडीनेच बदला, एक जुना एक नवा असे करू नका.

साध्या सायकलचा गुटका आजही चहा-वड्याच्या हिशेबात मिळतो. म्हणून घेताना भाव करत बसू नका, अंगठ्याने दाबून बघा. दगडासारखा कडक, वर्षानुवर्षे दुकानाच्या उन्हात टांगलेला गुटका घेऊ नका. नख किंचित रुतले पाहिजे.

सायकल घेऊन कान्हेरीला जायचे असेल तर सोमवारी उद्यान बंद असते, हे लक्षात ठेवा. वनखात्याच्या परवानगीशिवाय डांबरी रस्ता सोडून पायवाटांवर सायकल घालू नका. बिबट्याचे राज्य आहे ते, आणि पावसात सायकलने पडलेल्या चाकोरीतून पुढच्या पावसात ओघळ होतात. लेण्यांपाशी पोचलात की पाणी पिऊन झाल्यावर, परतीचा उतार लागण्याआधी, एकदा खाली वाका. चारही गुटके डोळ्यांनी बघा. मग निघा.